वायर नाही, म्हणजे बंद नाही!

या खेपेला लोणची नाहीत, मुरंबे नाहीत आणि मुलांच्या डब्याचे पदार्थही नाहीत. विषय आहे करवतीचा! त्यातही बॅटरीवर चालणाऱ्या, जिगसॉ म्हणतात त्या करवतीचा. “अगं बाई, ही काय आता सुतारकामाला लागली?” असं म्हणून पान उलटू नका. निदान अर्धं तरी वाचा, मग काय ते म्हणा.

घरात लहानसहान कामं किती निघतात, तुम्हाला मी सांगायला नको. कपाटाची फळी बोटभर लांब होते, सिंकखालच्या कप्प्यात पाइप आडवा येतो, देवघराला मागून प्लायचा तुकडा हवा असतो. सुतारमामांना फोन करावा तर ते म्हणतात, “वहिनी, एवढ्याशा कामाला यायचं म्हणजे अर्धा दिवस मोडतो हो.” त्यांचंही चुकत नाही. म्हणून मग ड्रिल, जिगसॉ अशी बॅटरीची अवजारं घरोघरी येऊ लागली आहेत. आमच्याकडेही आमच्या ह्यांनी एका दिवाळीला हौसेनं आणली. दोन महिने ती खोक्यातच होती. शेवटी माहितीपुस्तिका वाचून, सुतारमामांना चार गोष्टी विचारून मीच ती बाहेर काढली. सासूबाई म्हणाल्या, “बाईमाणसानं करवत धरायची म्हणजे काय!” मी म्हटलं, “आई, विळीवर नारळ खवतो, तिलाही पातंच असतं की.” त्या हसल्या आणि गप्प बसल्या.

आता खरी गोष्ट सांगते, जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

रविवारची सकाळ होती. सिंकखालच्या कप्प्याची फळी मी जेवणाच्या टेबलावर कापत होते. अर्धं काम झालं आणि कुकरची तिसरी शिट्टी झाली. मशीन तसंच टेबलावर ठेवून मी गॅस बंद करायला धावले. माझी लेक चौथीत आहे. मी काम झालं की जुन्या ब्रशनं मशीनवरचा भुसा झाडते, हे तिनं पाहिलेलं. आईला मदत करावी म्हणून तिनं एका हातानं मशीनची मूठ धरली आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं ब्लेडवरचा भुसा पुसायला लागली. मुठीच्या आतलं बटण दाबलं गेलं. चुकून दाबलं जाऊ नये म्हणून तिथे खटका असतो, पण घाईत तो मी लावलाच नव्हता.

घर्रर्र एवढाच आवाज झाला. मी वळून पाहते तो टेबलक्लॉथवर रक्त! तर्जनीच्या टोकाला दोन टाके पडले. देवाची कृपा म्हणायची, ब्लेड हाडापर्यंत गेलं नाही. पण डॉक्टरांकडून परत येताना रिक्षात ती जे म्हणाली, ते मी अजून विसरू शकत नाही. “आई, तू सांगतेस ना, मिक्सरमध्ये हात घालायच्या आधी प्लग काढलाय का बघायचं? मी बघितलं. वायर नव्हतीच. मला वाटलं, बंदच आहे.”

मैत्रिणींनो, पोरीचं काय चुकलं, सांगा! मी शिकवलं तेच तिनं केलं. मिक्सर, इस्त्री, पंखा, सगळ्यांना वायर असते. वायर काढली की वस्तू मेली, हे आपल्या हाडीमासी भिनलेलं. पण बॅटरीच्या अवजाराला भिंतीतून काढायला काही नसतंच. त्याचा वीजपुरवठा त्याच्या पोटातच असतो. ते टेबलावर गप्प पडलेलं असतं, तेव्हाही जागंच असतं. हे मी तिला सांगितलं नव्हतं, कारण माझ्याच डोक्यात ते नीट बसलं नव्हतं.

बॅटरी हाच प्लग

तेव्हापासून आमच्या घरी एक नियम झाला आहे. मशीनवरून हात निघाला की बॅटरी निघालीच पाहिजे. ब्लेड बदलायचं आहे, बॅटरी काढा. तिरकं कापण्यासाठी खालची बैठक कलती करायची आहे, बॅटरी काढा. भुसा झाडायचा आहे, बॅटरी काढा. दारावरची बेल वाजली, दूध उतू चाललं, कुणाचा फोन आला, तरी आधी बॅटरी काढा आणि मगच पाऊल उचला. काढायला दोन सेकंद लागतात. त्या दोन सेकंदांत दूध फार तर ओट्यावर सांडेल.

काम संपल्यावर मशीन एका कपाटात आणि बॅटरी दुसऱ्या, कुलपाच्या कप्प्यात. दोन्ही एका जागी ठेवायच्या नाहीत. बटणाजवळचा खटका प्रत्येक वेळी लावायचा, पण नुसत्या त्याच्या भरवशावर राहायचं नाही. आणि मुलांना नुसतं “हात लावू नको” म्हणून भागत नाही. बॅटरी कुठे बसते, ती आत असली तर काय होतं, हे एकदा दाखवून सांगा.

शिलाई मशीनची ही धाकटी बहीण

तुम्हाला एक गंमत सांगते. स्वित्झर्लंडमधल्या सिंटिला नावाच्या कंपनीत आल्बर्ट काउफमान म्हणून एक इंजिनिअर होते. १९४६ च्या सुमारास त्यांनी बायकोच्या शिलाई मशीनची सुई काढून तिच्या जागी करवतीचं पातं बसवलं आणि त्यातून हातात धरायची जिगसॉ निघाली, असं सांगतात. त्या बाई काय म्हणाल्या असतील, कोण जाणे! पण ही गोष्ट ऐकली तेव्हा मला वाटलं, मग हे मशीन आपल्याला परकं कसं?

खरोखरच सगळं जुळतं. सुईसारखं ब्लेड वर-खाली होतं. कापड दाबून धरणारा पाय असतो, तशी इथे खाली धातूची सपाट बैठक असते. कापड ओढलं की सुई वाकते, तसंच मशीन आडवं रेटलं की ब्लेड वाकतं, नाहीतर तुटतं. फरक एवढाच की तिकडे सुई जागेवर आणि कापड सरकतं, इकडे लाकूड जागेवर आणि मशीन सरकतं. म्हणून लाकूड जराही हलता कामा नये, हे पहिलं.

काम सुरू करण्याआधी

ओढणी काढून ठेवा. साडी असेल तर पदर घट्ट खोचा. लांब मंगळसूत्र आत घ्या, हातातल्या बांगड्या काढा, केस बांधा. सैल हातमोजे घालू नका, ते ओढले जातात. पायात बंद बूट असावेत. डोळ्यांना चष्मा हवाच, पण रोजचा नंबरचा नव्हे, बाजूनं झाकलेला गॉगल. या मशीनचा भुसा वरच उडतो आणि थेट डोळ्यांत जातो. फार वेळ काम असेल तर कानात बोळे घाला.

नाकातोंडावर नुसता रुमाल पुरत नाही. २०२० च्या साथीतले एन-९५ मास्क घरात शिल्लक असतील तर ते लावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ सालच्या अहवालात लाकडाच्या भुशाला माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या यादीत घातलं आहे. धोका मुख्यतः वर्षानुवर्षं त्या धुळीत काम करणाऱ्यांना. वर्षातून चार फळ्या कापणारीनं घाबरायला नको, पण खिडकी उघडी ठेवून किंवा गच्चीत बसून काम करायला काय हरकत आहे? एमडीएफची धूळ तर अगदी पिठासारखी बारीक असते, तिला जास्त जपा.

फळी टेबलाला शिकंज्यानं आवळा. मुलाला किंवा ह्यांना “जरा धरा हो” म्हणू नका. शिकंजा दमत नाही आणि त्याचं लक्षही दुसरीकडे जात नाही. कापायचा भाग टेबलाच्या कडेबाहेर हवा, कारण ब्लेड फळीच्या खालीही बाहेर येतं. खाली वाकून एकदा पाहा, टेबलाचा पाय तर मध्ये येत नाही ना! आणि मशीन चालू असताना फळीखाली हात कधीही घालू नका. जुन्या लाकडात खिळे राहिलेले असतात, ते आधी उपसून काढा. भिंतीला लागून असलेलं कपाट जागेवरच कापायचा मोह झाला तर तो आवरा. मागे विजेची वायर आहे की पाण्याचा पाइप, आपल्याला दिसत नाही.

ब्लेड कुठलं?

मलमलीला एक सुई आणि जीनला दुसरी, हे आपल्याला ठाऊक आहे. ब्लेडचंही तसंच. मोठे, विरळ दात म्हणजे काम झटपट, पण कडा खडबडीत. बारीक, दाट दात म्हणजे काम सावकाश, पण कडा साफ. साध्या लाकडाला एका इंचात सहा ते दहा दात असलेलं ब्लेड चालतं. प्लायला त्याहून बारीक घ्या. पत्र्याला अगदी बारीक दातांचं, धातूसाठीच केलेलं वेगळं ब्लेड लागतं. खूण सोपी आहे, कापायच्या वस्तूच्या जाडीत एका वेळी निदान दोन-तीन दात तरी बसले पाहिजेत.

दुकानातून आणताना जुनं ब्लेड सोबत न्या. ब्लेडची वरची टोकं वेगवेगळ्या आकाराची असतात, आपल्या मशीनला बसतील तीच घ्या. बसवल्यावर हलकेच ओढून पाहा, निघून आलं तर बसलं नाही असं समजा. हे सगळं अर्थातच बॅटरी काढून!

आता कापू या

साध्या ब्लेडचे दात वर वळलेले असतात. म्हणजे ते वर जाताना कापतं आणि फळीच्या वरच्या बाजूला खपल्या निघतात. म्हणून चांगली बाजू खाली करा आणि रेघ मागच्या बाजूला आखा. सनमायका असेल तर रेघेवर कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावरून कापा.

बॅटरी शेवटी बसवा. बैठक फळीवर सपाट टेकवा, पण ब्लेड लाकडाला लागू देऊ नका. आधी मशीन सुरू करा, ब्लेडला वेग येऊ द्या आणि मग पुढे सरका. दोन्ही हात मशीनवर ठेवा. दाबू नका, नुसतं वाट दाखवल्यासारखं न्या. रेटलं की जाड लाकडात ब्लेड आत वाकतं. वरून रेघ सरळ दिसते आणि खालून पाहावं तर कड तिरकी! लाकडाला वेग जास्त ठेवा, पत्र्याला आणि प्लॅस्टिकला कमी. ॲक्रिलिक तर वेगानं कापलं की वितळून मागे परत चिकटतं. ब्लेडला पुढे-मागे झोका देणारी कळ असेल, तर सनमायकाला आणि पत्र्याला ती शून्यावर ठेवा. घाईचं, जाड, साधं लाकूड असेल तेव्हाच वाढवा.

पाइपसाठी मध्ये भोक हवं असेल तर आधी गोल रेघ आखा. रेघेच्या आत, टाकाऊ भागात, ब्लेड सहज जाईल एवढं भोक ड्रिलनं पाडा आणि तिथून कापायला सुरुवात करा. अरुंद वळण घेताना थांबत थांबत घ्या. वळत नसेल तर बाहेरून दोन-तीन सरळ काप देऊन तुकडे आधी काढून टाका.

काम झालं की बटण सोडा, ब्लेड पूर्ण थांबू द्या आणि मगच मशीन उचला. चालू ब्लेड उचललं तर ते उसळतं. मी पहिलं ब्लेड असंच तोडलं! आणि कापून झालेलं ब्लेड तव्यासारखं तापलेलं असतं, लगेच बोट लावू नका.

मशीनची निगा

प्रत्येक कामानंतर (बॅटरी काढून, हे आता तुमचं पाठ झालं असेल) जुन्या ब्रशनं भुसा झाडा. हवा आत जाण्याच्या फटी आणि ब्लेड बसतं ती जागा नीट साफ करा. फटी बुजल्या की मोटार तापते. ओल्या फडक्यानं धुवू-बिवू नका. रॉकेल, थिनरही लावू नका, त्यानं प्लॅस्टिक खराब होतं. कोरडं फडकं पुरतं. ब्लेडच्या मागे एक लहानसं चाक असतं, ते ब्लेडला टेकू देतं. त्यावर अधूनमधून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. एकच हं! जास्त झालं की भुशाचा चिखल होतो.

ब्लेड बोथट झाल्याची खूण नाकाला आधी कळते. लाकूड जळल्याचा वास येतो, कड काळी पडते, मशीन कण्हत चालतं. असं ब्लेड सरळ टाकून द्या. बोथट ब्लेडला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की हात निसटतो. कागदात गुंडाळून टाका म्हणजे कचरा उचलणाऱ्या बाईंच्या हाताला लागणार नाही. पावसाळ्यात चांगली ब्लेडंही गंजतात. ती पुसून, कोरड्या डब्यात, औषधांच्या बाटलीतल्या ओल शोषणाऱ्या पुड्या टाकून ठेवा.

बॅटरीचे लाड

दुकानात एका खोक्यावर १८ व्होल्ट, दुसऱ्यावर २० आणि तिसऱ्यावर २१ लिहिलेलं दिसतं. त्याला भुलू नका. आत ३.६ व्होल्टचे पाच सेल ओळीनं जोडलेले असले की होतात १८. तेच सेल पूर्ण भरल्याबरोबर ४.२ व्होल्ट दाखवतात, म्हणजे २१. पुष्कळदा वस्तू एकच असते, आकडा तेवढा वेगळा.

चार्जर ज्याचा त्यालाच वापरा. बॅटरी गरम असेल तर थंड होऊ द्या, मग लावा. गादीवर किंवा पडद्याजवळ चार्ज करू नका आणि लावून झोपू नका. उन्हात, स्कूटरच्या डिकीत किंवा ओट्याजवळ ठेवू नका. चाळीस अंशांच्या वरची उष्णता तिला सोसत नाही. महिनोन् महिने वापर नसेल तर अर्धवट भरलेली ठेवा. खिळे, किल्ल्या, नाणी असलेल्या डब्यात तर मुळीच नको. दोन टोकं धातूनं जोडली गेली की ती पेट घेऊ शकते. आमची बॅटरी आइस्क्रीमच्या रिकाम्या प्लॅस्टिक डब्यात असते.

बॅटरी फुगली, तडकली किंवा तिला वास येऊ लागला तर वापर तिथेच थांबवा. धूर आला तर जवळ जाऊ नका, सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ वर फोन करा. संपलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकायची नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती वेगळी द्यायची असते आणि ती गोळा करून पुढची व्यवस्था लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. घेतानाच दुकानदाराला विचारून ठेवा, जुनी कुठे द्यायची.

लागलंच तर

त्या दिवशी सासूबाई हळदीचा डबा घेऊन धावल्या होत्या. प्रेमानंच, पण खोल जखमेत हळद, कॉफी काही भरू नये. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर घट्ट दाबून धरा, हात छातीच्या वर उचलून ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा. किरकोळ खरचटलं असेल तर वाहत्या स्वच्छ पाण्यानं धुवा. आणि कुणावर येऊ नये, पण बोट तुटलंच, तर तो तुकडा स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, ती पिशवी बर्फावर ठेवा आणि तडक मोठ्या दवाखान्यात न्या. तुकड्याला बर्फ थेट लागू देऊ नका.

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. मुलांना प्रश्न पडला नाही तर दोष माझा, असं मी तिथे म्हणते. घरीही ते लागू आहे, हे मला दोन टाक्यांनी शिकवलं. माझ्या लेकीच्या बोटावर अजून पांढरी रेघ आहे. ती फळी महिनाभर अर्धी कापलेली पडून होती, मला हातच लावावासा वाटेना. शेवटी तीच म्हणाली, “आई, ती पुरी कर ना.” मी कापत असते तेव्हा ती आता दाराच्या चौकटीबाहेर, गॉगल लावून उभी असते. माझा हात मशीनवरून निघाला रे निघाला की तिचा आवाज येतो, “आई, बॅटरी?”

आणि मी तळहातावर धरून ती तिला दाखवते.

तुमच्या घरी ड्रिल असेल, स्क्रू पिळायचं मशीन असेल, बागेतली कुंपण छाटायची कात्री असेल, तर आज हे पान खाली ठेवल्यावर एवढंच करा. उठून जा आणि बघा, बॅटरी आत आहे का. असेल तर काढून ठेवा. मग चहा टाका.